वजा झालेला तास : उन्हाळी वेळ आणि थकव्याचा इतिहास

युरोपातील बहुतेक देशांत मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात. या व्यवस्थेला ‘उन्हाळी वेळ’ म्हणतात आणि लोक झोपेत असताना वाया जाणारा सकाळचा उजेड संध्याकाळच्या वापरात आणणे हा तिचा हेतू असतो. तिचा इतिहास आजवर मुख्यतः इंधनाची बचत, युद्धाची निकड आणि व्यापाराचा लाभ या अंगांनी सांगितला गेला; त्या रविवारनंतर काही दिवस माणसाला जाणवणारा जडपणा, तुटलेली झोप आणि दुपारची पेंग यांना त्यात फारच थोडी जागा मिळाली. हे न्याय्य नाही, कारण या शारीरिक त्रासावरचा एक उपाय मूळ योजनेतच होता आणि तो कायदा होण्याच्या वाटेवर गळून पडला.

ती योजना लंडनमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांची. न्यूझीलंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्येच दोन तासांच्या बदलाची सूचना केली होती. परंतु प्रत्यक्ष कायद्यापर्यंत पोहोचलेली चळवळ उभी राहिली ती विलेट यांनी १९०७ मध्ये स्वखर्चाने छापलेल्या पत्रकामुळे. घड्याळ एकूण ८० मिनिटे पुढे न्यावे, पण ते एका झटक्यात नव्हे, तर एप्रिलच्या चार रविवारी प्रत्येकी २० मिनिटांनी, आणि सप्टेंबरमध्ये तितक्याच पायऱ्यांनी मागे आणावे, असे त्यांचे म्हणणे होते. वीस मिनिटांचा फरक शरीराला फारसा जाणवणार नाही, हे या पायऱ्यांमागचे सूत्र होते. १९०८ मध्ये ब्रिटिश संसदेत विधेयक आले, तेव्हा वर्षातून आठ वेळा घड्याळे बदलण्याची ही रचना गैरसोयीची ठरली आणि तिच्या जागी एकदाच एक तास हा सुटसुटीत पर्याय पुढे आला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. विलेट १९१५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी कोळसा वाचवण्यासाठी घड्याळे पुढे केली आणि २१ मे रोजी ब्रिटननेही त्यांचे अनुकरण केले. युद्धाच्या त्या धामधुमीत वीस-वीस मिनिटांचा विचार करायला कोणालाही सवड नव्हती.

या बदलाला सर्वांत चिवट विरोध शेतकऱ्यांनी केला, आणि त्यांचे म्हणणे केवळ सवयीच्या मोहातून आलेले नव्हते. गाई दूध देतात त्या आपल्या शरीराच्या वेळेने, परंतु दुधाची गाडी सुटते ती घड्याळाच्या वेळेने. त्यामुळे गवळ्याला आणखी एक तास आधी, अंधारातच उठावे लागे. उलट, गवतावरचे दव उन्हाने सुकल्याशिवाय कापणी सुरू करता येत नसे, आणि मजूर मात्र घड्याळ पाहून ठरल्या वेळी घरी जात. मधला तास वाया जाई आणि तो भरून काढायला मालकाला उशिरापर्यंत राबावे लागे. अमेरिकेत १९१८ मध्ये लागू झालेली उन्हाळी वेळ ग्रामीण भागाच्या दबावामुळे काँग्रेसने १९१९ मध्येच रद्द केली, आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकारही डावलला.

घड्याळ पुढे केल्याने श्रमिकाची झोप कशी तुटते, याचा अनुभव मुंबईने याआधीच घेतला होता, जरी तेथील बदल ऋतूपुरता नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते, त्यामुळे कामाचा दिवस आधीच लांबला होता; अशा वेळी भोंगा आणखी ३९ मिनिटे अलीकडे येणे म्हणजे चाळीतल्या माणसाची पहाटेची झोप कापणे होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी निषेध केला आणि मुंबई महापालिकेने स्वतःच्या घड्याळांसाठी जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, भारताची प्रमाणवेळही आणखी एक तास पुढे नेण्यात आली होती. तिच्यानुसार जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवे.

तक्रारी जुन्या असल्या तरी त्यांचे शास्त्रीय कारण हळूहळू उलगडले. १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी एक रोप, बहुधा लाजाळूचे, अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा उजेड नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. सजीवांच्या अंगीच दिवसाचे मोजमाप असते, हे त्यातून सूचित झाले. माणसाच्या बाबतीत हे मोजमाप, ज्याला जैविक घड्याळ म्हणतात, मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या जरा वर, पेशींच्या एका लहान पुंजक्यात असते, हे १९७० च्या दशकातील संशोधनाने पुढे आले. या घड्याळाचा दिवस सरासरीने २४ तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून शरद ऋतूत एक तास उशिरा झोपणे सोपे जाते आणि वसंतात एक तास आधी झोपणे जड जाते. त्यातच संध्याकाळचा लांबलेला उजेड या घड्याळाला आणखी मागे खेचतो, तर पहाटेचा जो उजेड त्याला पुढे आणू शकला असता तोच हिरावला जातो. थकव्याचे मूळ एका तासाच्या झोपेपेक्षा या उलट्या ओढीत अधिक आहे.

त्याचे परिणाम मोजलेही गेले आहेत. अमेरिकेतील खाणकामगारांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले की बदलानंतरच्या सोमवारी दुखापती सुमारे ६ टक्क्यांनी वाढतात, आणि बदलानंतर लोक सरासरी ४० मिनिटे कमी झोपतात. स्वीडनमधील नोंदींच्या अभ्यासाने २००८ मध्ये दाखवले की वसंतातील बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे ५ टक्क्यांनी अधिक येतात. यावर निद्रातज्ज्ञ जो उपाय सांगतात तो असा : बदलाच्या आधीचे काही दिवस रोज १५ ते २० मिनिटे लवकर झोपावे आणि लवकर उठावे, उठताच बाहेरच्या उजेडात जावे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, आणि डुलकी घ्यायची तर ती लहान व दुपारीच घ्यावी. संसदेला अवजड वाटलेल्या विलेट यांच्या पायऱ्या अशा रीतीने ज्याच्या त्याच्या घरी आल्या, आणि राज्याने टाळलेली तसदी नागरिकाच्या माथी पडली.

हा बदलच नको, असे म्हणणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये घेतलेल्या जनमत-चाचपणीला ४६ लाख उत्तरे आली आणि त्यांतील ८४ टक्के लोक बदल थांबवण्याच्या बाजूचे होते. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये त्याला अनुकूल मत दिले, परंतु कोणती वेळ कायम ठेवायची यावर सदस्य राष्ट्रांचे एकमत झाले नाही. रशियाने २०११ मध्ये उन्हाळी वेळच कायम केली, तेव्हा मॉस्कोत डिसेंबरचा सूर्य दहाच्या सुमारास उगवू लागला आणि अंधारात कामाला निघणाऱ्यांच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये तो निर्णय फिरवावा लागला. युरोपीय संघातही कायमची उन्हाळी वेळ आली तर स्पेनच्या वायव्य टोकाला हिवाळ्यात हेच घडेल, आणि कायमची हिवाळी वेळ आली तर पोलंडच्या राजधानीत जून महिन्यात पहाटे सव्वातीनलाच उजाडेल.