मागचे गुण पुढे चालतात का?

परवा संध्याकाळी धामच्या काठावरून फिरून घरी आलो, तर ओसरीवर एक मुलगी बसलेली. ओळख पटायला थोडा वेळ लागला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची लेक. एमबीबीएस झाली, आता इंटर्नशिप चालू आहे. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली, तरी उठायचं नाव घेईना. शेवटी म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. बारावीनंतरच्या नीटला मला मार्क कमी होते. कशीबशी शेवटच्या फेरीत सीट लागली. आता पीजीच्या वेळी ते मागचे मार्क पाहतात का हो?"

मी मराठी शिकवलेला माणूस, मला यातलं काय कळणार? पण नातवंडांच्या निमित्ताने एवढं वाचलेलं होतं. म्हटलं, "नाही बाई. एमडी, एमएसचा प्रवेश नीट-पीजीच्या क्रमांकावर होतो. एम्ससारख्या संस्थांची आयएनआय-सीईटी वेगळी. बारावीनंतरच्या नीटचा आकडा दोन्हीकडच्या गुणवत्ता यादीत कुठेच येत नाही."

तिचा चेहरा उजळला. ती गेली आणि मी मात्र विचार करत बसलो. पाच-सहा वर्षं या पोरीने तो आकडा उराशी धरून ठेवला होता! प्रश्न तिचा असला तरी नवा नाही. मागच्या परीक्षेचं पुढच्या दारात काय करायचं, हा घोळ आपल्याकडे गेली कित्येक वर्षं चालू आहे.

एक काळ असा होता की सगळं मागच्यावरच चाले. महाराष्ट्रात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होई. राज्याची सीईटी आली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे एमडी, एमएसला जायचं तर एमबीबीएसचे गुण पाहिले जात. त्या पद्धतीत एक बरं होतं. साडेचार वर्षं वॉर्डात आणि वर्गात काय केलं ते कुठेतरी मोजलं जाई. एका दिवसाच्या तापाने आयुष्य फिरत नसे.

पण खोटही तेवढीच मोठी होती. एका विद्यापीठाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के सारखे कसे धरायचे? पेपर वेगळे, तपासणारे वेगळे. आम्हा शिक्षकांना हे सांगावं लागत नाही. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षक किती वेगळे गुण देतात, ते आम्ही जन्मभर पाहिलं आहे. शिवाय गुणांच्या जोडीला 'कुठून आलास?' हा प्रश्न असेच. मुंबई महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पीजीच्या जागांसाठी त्याच कॉलेजातून पास झालेल्यांना आधी घेण्याचा नियम होता. त्यामुळे विद्यापीठ एकच असूनही दुसऱ्या कॉलेजातला जास्त गुणांचा विद्यार्थी मागे पडे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम समानतेच्या विरुद्ध ठरवला.

त्याआधी १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्याचा निकाल आला होता. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने डॉक्टरकीच्या काही जागा राज्यांच्या कुंपणाबाहेर काढून देशभरासाठी खुल्या करायला सांगितल्या. जागा देशभरासाठी खुल्या, तर माप एकच हवं, हे ओघानेच आलं. पीजीच्या पंचवीस टक्के जागांसाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. २००३ मध्ये न्यायालयाने त्या जागा पन्नास टक्के केल्या. राज्यानेही पीजीसाठी आपली सीईटी आणली. मग नीट. २०१३ च्या जुलैत न्यायालयाने ती रद्द केली, २०१६ च्या एप्रिलमध्ये तोच निकाल मागे घेतला, आणि २०१७ पासून पीजीचं दार एकच झालं. दोनशे प्रश्न, आठशे गुण, साडेतीन तास.

म्हणजे बघा, बारावी सीईटीने पुसली, एमबीबीएसचे गुण पीजीच्या सीईटीने पुसले, आणि सगळ्या सीईट्या नीटने. २०१९ च्या कायद्यात तर 'नेक्स्ट' नावाच्या परीक्षेची तरतूद झाली, एमबीबीएसची शेवटची परीक्षा आणि पीजीचा प्रवेश एकातच. तिचा मुहूर्त मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला. नव्या आकड्याने जुना आकडा खोडायचा, ही आपली रीत होऊन बसली आहे.

तिकडे अमेरिकेतही हेच. तिथल्या मराठी मुलांना मेडिकल कॉलेजात जायला एमकॅट द्यावी लागते. पुढे रेसिडेन्सीला अर्ज करताना तो आकडा मागे पडतो आणि यूएसएमएलई पुढे येते. त्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा फार बाऊ होतो म्हणून २०२२ च्या जानेवारीपासून तिथे गुण देणं बंद केलं, नुसतं पास की नापास. झालं काय? मुलांची सगळी धडपड दुसऱ्या टप्प्याच्या गुणांकडे वळली! त्यांच्याकडे शिक्षकांची पत्रं आणि मुलाखती तरी असतात. आपल्याकडे तेही नाही.

आमच्या भागात मात्र एक वेगळा प्रयोग झाला, तो सांगितलाच पाहिजे. पवनारहून जवळच सेवाग्राम. १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. संस्थेची प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती, आणि तिच्यात गांधीविचारांचा एक पेपर असे. प्रवेश मिळाल्यावर आश्रमात शिबिर, अंगावर खादी, मग एखाद्या खेड्यात राहून घरोघरी पाहणी. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, इथून एमबीबीएस झालेल्याला इथेच पीजी करायचं तर आधी दोन वर्षं खेड्यात सेवा केलेली असावी, अशी अट होती.

आता गांधीविचारांच्या पेपरचीही घोकंपट्टी करता येते, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. सत्याग्रहावर दहा ओळी लिहिणारा सत्याग्रही असतोच असं नाही. पण खेड्यातली दोन वर्षं घोकून होत नाहीत. रात्री दोन वाजता बंडीत घालून आणलेली बाळंतीण तुमचा क्रमांक विचारत नसते. 'मागचं काय पाहावं?' या प्रश्नाला सेवाग्रामने दिलेलं हे उत्तर मला आजही पटतं. गुण मोजायचे तर मोजा, पण माणसाने मध्यंतरी काय केलं तेही पाहा.

केंद्रीय परीक्षा आली आणि अशा संस्थांच्या आपापल्या परीक्षा गेल्या. त्यामागे कारण नव्हतं असं नाही. प्रत्येक संस्थेला तिचं तिचं माप दिलं की त्या मापाआड पैसा आणि वशिला कसा शिरतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २००० च्या केंद्रीय नियमावलीत दुर्गम भागात सेवा करणाऱ्या सरकारी डॉक्टरांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त तीस टक्के, वाढीव गुण देण्याची सोय ठेवली होती. पण ती सेवासुद्धा शेवटी टक्क्यांतच बसवावी लागली. आणि टक्क्यांचं तरी काय? २०२३ मध्ये पीजीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली. ज्या आकड्यापायी पोरं रात्र रात्र जागली, तो एका आदेशाने किती हलका झाला!

पवनारच्या माणसाला अशा वेळी विनोबा आठवणारच. १९१६ साली बडोद्याला आईच्या चुलीजवळ बसून त्यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रशस्तिपत्रकं एकेक करून जाळली. मग इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना सुरतेला उतरून काशी गाठली. आम्ही ही गोष्ट वर्गात मोठ्या कौतुकाने सांगायचो आणि दुसऱ्याच तासाला प्रगतिपुस्तकं वाटायचो! त्यांनी कागद जाळले, शिकणं जन्मभर चालू ठेवलं. आपण जुना कागद फेकतो तो नवा हाती आला म्हणून.

अर्थात विनोबांना नोकरी करायची नव्हती. या मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, तिने कागद जाळून कसं चालेल? तेव्हा तिला मी खरं ते सांगितलं, पण अर्धंच. मागचा आकडा यादीत चालत नाही. पण त्या आकड्याने तिचं कॉलेज ठरवलं होतं, कॉलेजाने रुग्ण आणि शिक्षक ठरवले होते, आणि ते सगळं तिच्याबरोबर पुढे चाललंच आहे. उरलेलं अर्धं असं की, त्या कॉलेजात ती जे शिकली ते कोणतीही नवी परीक्षा पुसू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. या मुलीच्या बापाच्या प्रगतिपुस्तकात मी एकदा लाल शाईने 'साधारण' असा शेरा मारला होता. लिहायला दोन सेकंदही लागले नसतील. त्याने शेती केली, दोन्ही मुलांना शिकवलं, आणि आज त्याची लेक डॉक्टर आहे. त्याला तो शेरा आठवत असेल का? विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा येते म्हणाली आहे. बापालाही सोबत घेऊन ये, असं तिला कळवलं आहे.