अंबाजोगाईची साधने व शास्त्रांतराचा अभ्यास

मुकुंदराजांचा काल व स्थल हा मराठी वाङ्मयेतिहासातील जुना वाद होय. ‘विवेकसिंधू’च्या समाप्तीत शके १११० (इ. स. ११८८) असा रचनाकाल येतो. तो प्रमाण मानल्यास हा ग्रंथ ज्ञानेश्वरीहून (शके १२१२) शंभर वर्षांनी जुना ठरतो आणि आद्य मराठी ग्रंथाचा मान त्यास मिळतो. मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस दाखविली जाते. इकडे वैनगंगेकाठचा आंभोराही त्यांच्यावर आपला हक्क सांगतो. या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. अशा प्रश्नात निरनिराळ्या शास्त्रांचे अभ्यासक एकमेकांकडून काय घेतात व काय घ्यावयाचे विसरतात, एवढेच पाहावयाचे आहे.

उपलब्ध प्रतींतील ‘विवेकसिंधू’ची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते. वाङ्मयेतिहासकार म्हणतो, भाषा लेखनिकांनी बदलली, शक मात्र खरा. भाषाभ्यासक तो शक गृहीत धरून ग्रंथातील काही रूपे बाराव्या शतकाच्या खाती जमा करतो. आणि मग वाङ्मयेतिहासकार त्याच रूपांवरून ग्रंथाचे प्राचीनत्व सिद्ध झाले असे मानू लागतो. येथे दोन शास्त्रे एकत्र आली खरी, पण केवळ एकमेकांच्या खांद्यावर मान टाकण्यासाठी! उसना घेतला तो निष्कर्ष. त्यामागची परीक्षा कोणीच घेतली नाही.

लेखनिक भाषा बदलतात, यात संशय नाही. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करण्याची निकड एकनाथांना शके १५०६ मध्ये भासली, ती यामुळेच. परंतु ज्या हातांनी भाषा बदलली त्याच हातांतून समाप्तीची ओवीही आपल्यापर्यंत आली आहे, हे विसरून चालणार नाही. येथे छंदाची मदत होते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक असते. ओवीच्या मध्यातील प्रत्यय लेखनिक सहज बदलील. यमकात अडकलेला बदलावयाचा तर त्याला तिन्ही चरण मोडावे लागतात. यमकातील रूपे म्हणूनच अधिक भरवशाची.

ती ताडून पाहावयास दगडावरील मराठी हवी. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा लेख यासाठी मोलाचा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाची त्यात हकीकत असून लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. तो प्रथम प्रकाशात आणला भाऊ दाजी लाड यांनी, इ. स. १८६५ मध्ये, आणि ते व्यवसायाने डॉक्टर होते. खुद्द अंबाजोगाईतही यादव नृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे तेराव्या शतकातील लेख आहेत. मात्र ते संस्कृतात आहेत. नगराच्या वैभवाची व राजाश्रयाची ते ग्वाही देतात, तेथील मराठीविषयी मौन पाळतात. नगर संपन्न होते, म्हणून ग्रंथ तेथेच झाला, हे अनुमान त्यांच्या माथी मारता येणार नाही.

याच गावातील दासोपंतांची पासोडी निराळीच परीक्षा मागते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या वस्त्रावर पंचीकरणाचा विषय लिहून व आकृत्या काढून मांडला आहे. दासोपंतांचे निधन शके १५३७ मधील. हे लेखन त्यांच्याच हातचे, असे मानतात. तसे असेल तर मध्ये लेखनिक नाही आणि आपला नेहमीचा पाठचिकित्सेचा संशय येथे निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी प्रश्न उभे राहतात ते विणीचे, शाईचे, आधी आकृती की आधी अक्षरे याचे. संहिता उतरवून छापली की हे प्रश्न कागदावरून नाहीसे होतात. वेदांताच्या अभ्यासकाने अशा वेळी विणकराशेजारी बसण्यात कमीपणा मानू नये. दामोदर कोसंबी हे गणिती. प्राचीन नाण्यांविषयी लिहिण्यापूर्वी त्यांनी हजारो नाणी तोलली होती. भारतविद्येतील संयुक्त पद्धतींवरील त्यांचा १९६३ चा निबंध त्या श्रमांनंतरचा आहे.

‘विवेकसिंधू’पुरते बोलावयाचे तर जुन्या हस्तलिखितांतील यमकबद्ध रूपांची स्वतंत्र यादी करावी, समाप्तीतील शक त्या वेळी बाजूस ठेवावा, आणि ती यादी प्रथम पाटणच्या व नंतर पंढरपूरच्या शके ११९५ ते ११९९ च्या चौऱ्यांशीच्या लेखाशी ताडावी. अंबाजोगाई की आंभोरा, हा प्रश्न त्यानंतरचा.