सारखे पाय

परवा अंगणातली तुळशीची कुंडी सरकवली, तर खालचे आठ-दहा राखाडी जीव सैरावैरा पळू लागले. नातवाने बोट लावताच एकाने अंगाची गोळी केली. "आजोबा, हा किडा कुठला?" म्हटले, अरे, हा कीटक नव्हेच. कीटकाला पाय सहा, याला चौदा. हा खेकडा-कोळंबीच्या गोतातला, पण जमिनीवर राहायला आलेला. अंगाला ओलावा लागतो म्हणून कुंडीखाली दडतो. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते.

या गटाचे नाव आयसोपोडा. ग्रीकमध्ये 'आयसोस' म्हणजे समान आणि 'पोद' म्हणजे पाय, आपल्या 'पाद'चाच भाऊबंद. आपण 'समपाद' म्हणू. बहुतेकांना सात जोड्या पाय, साधारण एकसारखे. आज याच्या दहा हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत. खोल समुद्रातल्या काही तर फूटभराहून मोठ्या!

हे नाव दिले फ्रान्सच्या पिएर आंद्रे लात्रेयने, १८१७ च्या सुमारास, क्युव्हिएच्या 'प्राणिसृष्टी' या ग्रंथात. पण त्याची खरी गोष्ट त्याआधीची.

लात्रेयचा जन्म १७६२ चा. शिक्षण धर्मगुरूचे, ओढा मात्र किड्यांकडे. १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. धर्मगुरूंनी नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा कायदा आला. याने ती घेतली नाही, म्हणून १७९३ मध्ये बोर्दोच्या तुरुंगात पडला. पुढे काय होणार, हे सगळ्या कैद्यांना कळत होते.

एके दिवशी कैद्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरला तो जमिनीवर एक भुंगेरा न्याहाळताना दिसला. लाल मानेचा, मेलेल्या प्राण्यांवर जगणारा. हा दुर्मिळ आहे, असे लात्रेयने सांगितले. डॉक्टरने तो बोरी द सँ व्हँसाँ या पंधरा वर्षांच्या निसर्गवेड्या मुलाला नेऊन दिला. मुलाला लात्रेयचे काम ठाऊक होते. त्याने धावपळ केली आणि लात्रेय सुटला. मागे राहिलेले सोबती महिनाभरात मारले गेले, असे सांगतात.

'समता' हा त्या क्रांतीचा एक मंत्र. त्याच समतेच्या राज्याने ज्याला मरणाच्या दारात उभे केले, त्याने पुढे चौदा पायांच्या या क्षुद्र जीवाला 'समान' हा शब्द दिला. त्याच्या मनात तसे काही असेल असे मी म्हणत नाही, तो फक्त पाय पाहत होता. पण मला मात्र हा योगायोग विसरता येत नाही. सुटला तोही समतेच्या घोषणेने नव्हे, एका पोराच्या धावपळीने.

हे सगळे नातवाला सांगितले. त्याने विचारले, "आणि त्या भुंगेऱ्याचं काय झालं?" मला उत्तर देता आले नाही. मग दोघांनी मिळून कुंडी हळूच जागेवर ठेवली.

तुमच्या गावाकडे या गोळी होणाऱ्या जिवाला काय म्हणतात? जरूर कळवा.