पंडिता रमाबाई आणि धर्मग्रंथाच्या अर्थाचा अधिकार

प्रस्तावना : ख्रिस्ती धर्मग्रंथात स्त्रीविषयी परस्परविरोधी वचने आढळतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (3:28) ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद नाकारला आहे. तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:12) स्त्रीने पुरुषाला शिकविण्यास मनाई आहे. चर्चच्या व्यवहारात दीर्घकाळ दुसऱ्या वचनाचेच प्राबल्य राहिले. पंडिता रमाबाईंना (1858-1922) त्याचा प्रत्यक्ष अनुभव आला.

विवेचन : वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले व आईने रमाबाईंना. पुढे रमाबाईंनी पुरुषांच्या सभांत पुराणे सांगितली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील वास्तव्यात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे, ही कल्पना पुढे येताच भारतातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. पित्याने वा पतीने जे कधी निषिद्ध मानले नाही, ते येथे का, असा रमाबाईंचा प्रश्न होता. स्त्रीला वेदाधिकार नाकारणारी परंपरा सोडून आलेल्या विदुषीला नव्या धर्मातही अधिकाराचाच प्रश्न भेडसावला, हे लक्षणीय होय.

त्यांनी धर्म सोडला नाही. ग्रंथच हाती घेतला. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. तेथील स्त्रियांनीच खिळे जुळविले, छपाई केली. हे भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष : धर्मांतराने स्त्रीला समता आपोआप लाभत नाही. वचनांपैकी कोणते प्रमाण मानावे, हे ठरविण्यात तिचा सहभाग असणे, हाच खरा निकष ठरतो.