नवसाला हसणारी दिंडी

आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचा कळप पालखीभोवती रिंगण धरून धावतो. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात श्रद्धा पावलोपावली दिसते आणि इथेच, मुक्कामाच्या तंबूत भारूड रंगलं की श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या खुळांची यथेच्छ खिल्लीही उडते. उडवणारा कुणी परका नसतो. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कपाळावर बुक्का असतो आणि सकाळी तोही पंढरीच्याच वाटेला लागणार असतो.

धर्मश्रद्धेची टर उडवणारे माहितीपट आता जगभर निघतात. अमेरिकी विनोदवीर बिल मार याचा २००८चा ‘रिलिजुलस’ त्यांतला गाजलेला. कॅमेरा घेऊन तो भाविकांना गाठतो, अडचणीचे प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरांवर प्रेक्षक हसतात. मराठी मुलखात या हसण्याची कुळी फार जुनी आहे आणि तिची रीतही वेगळी आहे. इथला टीकाकार भाविकाला समोर बसवत नाही, तो स्वतःच भाविकाचं सोंग घेतो.

ही रीत घडवली पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९). भारुडं त्यांच्याआधीही होती, पण नाथांनी त्यांचा संसारच मांडला. त्यासाठी त्यांनी माणसं निवडली ती लोकांच्या श्रद्धेवर पोट भरणारी: जोशी, गोंधळी, पोतराज, भुत्या, वासुदेव, जोगवा मागणारी जोगतीण. त्यांचा पेहराव, त्यांची वाद्यं, त्यांचे बोल, सगळं जसंच्या तसं उचललं आणि त्यांच्याच तोंडी वेगळा अर्थ घातला. गावकऱ्यांना माणूस लगेच ओळखू येई. तो भलतंच काही बोलू लागला की आधी हशा पिके, मग विचार सुरू होई.

नवसाचं भारूड जवळून पाहण्यासारखं आहे. एक पुरुष लुगडं नेसून, कपाळभर मळवट भरून येतो. मागे टाळ आणि पखवाज. ही सासुरवाशीण भवानीआईला रोडगा वाहायचं कबूल करते. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. आणि मागणं काय? गावाला गेलेला सासरा तिकडेच खपावा, जाच करणारी सासू लवकर मरावी, फडाफडा बोलणारी जाऊ विधवा व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. शेवटी नवऱ्याचीही आहुती द्यायला ती तयार होते. प्रत्येक मागणीला बाया पदर तोंडाला लावून हसतात, कारण असं कधीतरी मनात आलेलंच असतं. मग निरूपणात सांगितलं जातं की हे सासर म्हणजे आपल्याला घेरून बसलेले विकार. पण तोवर नवसाचं पितळ उघडं पडलेलं असतं. देवीला लाच देऊन माणसं काय काय मागतात, हे त्या लुगडं नेसलेल्या वारकऱ्याने करून दाखवलेलं असतं.

नाथांचं धाडस एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे जण एकमेकांच्या धर्मातली वर्मं काढतात. तुर्क पुराणातल्या देवांच्या भानगडी मोजून दाखवतो, तर हिंदू विचारतो की देव सगळीकडे आहे तर पश्चिमेकडेच तोंड का करायचं. भांडणाच्या शेवटी दोघे गळाभेट घेतात. सोळाव्या शतकात हे लिहिणं सोपं नव्हतं.

बारामतीची वाङ्मयीन ओळख मात्र मोरोपंतांची (१७२९–१७९४). त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी दूरवर नेल्या, पण त्या उलगडून सांगायला जाणता माणूस लागतो. भारूड अडाण्यालाही थेट कळतं. म्हणूनच पुढच्या सुधारकांनी आपलं हत्यार लोकरंजनाच्या याच कोठारातून उचललं.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. गर्भार कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि ब्राह्मणभोजनाच्या खर्चात जोडपं कर्जात बुडतं. मध्ये मध्ये विदूषक येऊन या लबाडीचा हिशेब प्रेक्षकांपुढे मांडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारलं नाही. इथे हसण्याची दिशा बदलली. नाथांचा रोख माणसाच्या भोळेपणावर होता, फुल्यांचा त्या भोळेपणावर जगणाऱ्या सत्तेवर.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच्या विचारातून जलसा जन्मला. त्याचा आरंभ करण्याचं श्रेय पुणे जिल्ह्यातल्याच ओतूरच्या भीमराव महामुनींना दिलं जातं. सांगाडा तमाशाचा: गण, गौळण, वग. आतला माल मात्र नवा. गणातला गणपती काही ठिकाणी लोकांचा पुढारी झाला आणि वगात भटजी, सावकार, कुलकर्णी यांची हजेरी घेतली जाऊ लागली. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत फुल्यांचा विचार याच मार्गाने पोहोचला. पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनातूनच हे काम केलं, तेही गाभाऱ्यात न जाता. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. सत्यनारायणाच्या कथेत प्रसादाच्या पुण्याईने साधुवाण्याची बुडालेली नाव वर येते. बाबा म्हणत, मग लढाईत बुडालेली एखादी बोट तशी वर काढून दाखवा. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. श्रद्धेची उलटतपासणी आणि त्यावर उसळणारा श्रोत्यांचा हशा, दोन्ही त्या फितीत जिवंत आहेत. मराठीतल्या या परंपरेचा इतका अस्सल दस्तऐवज दुसरा सापडणं कठीण.

आता भारुडाला स्वच्छता, व्यसनमुक्ती अशा विषयांच्या प्रचाराला जुंपलं जातं. काम चांगलंच आहे. पण त्या नादात नवस, अंगात येणं आणि बुवाबाजी हे विषय मागे सरकले, तर भारुडाची धारच जाईल.

ती धार किती महाग पडू शकते, हे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाने दिसलं. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना घेऊन रिंगणनाट्य उभं केलं: नेपथ्य नाही, पडदा नाही, माणसं गोल बसतात आणि खेळ मधोमध होतो. आनंद पटवर्धन यांनी ‘विवेक’ (२०१८) हा दीर्घ माहितीपट केला. ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात तो सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवायला केंद्र सरकारने सूट नाकारली आणि तिथल्या उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला परवानगी दिली. नाथांपासून गाडगेबाबांपर्यंत भरून वाहणारा हशा या माहितीपटात फारसा नाही. तो तरी कुठून यावा? ज्यांच्याविषयी तो बोलतो त्यांतले दाभोलकर आणि डावे विचारवंत गोविंद पानसरे गोळ्या घालून मारले गेले.