हेलिकॉप्टर, चालू स्थितीत सोडणे
इंजिन सुरू व पाती फिरत असताना वैमानिकाने आसन सोडून खाली उतरणे. मोटारगाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उतरावे, तसे हे नाही. जमिनीवर टेकलेले हेलिकॉप्टरही पाती फिरत असेपर्यंत अर्धे उड्डाणातच असते. वैमानिकाच्या डाव्या हाताशी ‘कलेक्टिव्ह’ नावाचा दांडा असतो. तो वर गेला की सर्व मुख्य पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि उचल निर्माण होते. हा दांडा कोणी हात न लावताही हळूहळू वर सरकू शकतो. काही हेलिकॉप्टरांत त्याबरोबर इंजिनाची शक्तीही वाढते, आणि रिकामे यंत्र हवेत उठते किंवा कुशीवर कलंडते. असे अनेक अपघात झाल्यावर रॉबिन्सन या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये सुरक्षा सूचना क्रमांक १७ काढली: इंजिन चालू असताना कधीही उतरू नये. दांडा आवळून धरण्याची सोय असते, पण तिला वैमानिकाच्या हाताचा पर्याय मानणे घातकच.

जवळ येणाऱ्याला सावध करायलाही मग कोणी उरत नाही. शेपटीचा पंखा वेगामुळे जवळजवळ अदृश्य होतो. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याचा आघात होऊन एका सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू झाला.