पगारपत्रकातील एक ओळ

जवाहरनगर ही मुख्यतः पगारदारांची वसाहत. दरमहा पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे रुपये कापले गेले की माणसे कुरकुरतात. काही वर्षांपूर्वी द्वारसभेत एका तरुण कामगाराने मला विचारले, “हा पैसा जातो कुठे?” संघटनेचा कार्यकर्ता असूनही मला उत्तर देता आले नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला अशा वेळी पुस्तकांचाच आधार. वाचनातून जे हाती लागले ते आज सांगतो.

1876-77 च्या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या सरकारने उपाशी रयतेसाठी कामे काढली. काम घाम गाळण्याचे. परंतु मोबदला मजुरी म्हणून नव्हे, धर्मादाय म्हणून मोजला जाई. सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने रोजचे धान्य रतलभरावर आले, तेव्हा हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. त्यांची मागणी एवढीच, की काम घेता तर पोटापुरते द्या.

हा प्रश्न पुढे एका महाराष्ट्रीयाने निराळ्या रीतीने सोडविला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणारे ते हात पाहून राज्याने ओळखले, की या माणसांना सदावर्त नको, काम हवे. 1975 साली व्यवसाय कर बसविला गेला तो याच कामासाठी. कराइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यावा, रोज निदान एक रुपया! रक्कम क्षुल्लक खरी. परंतु काम न देणे हा सरकारचा दोष ठरला, मजुराचा नव्हे. टेंपलसाहेबांच्या काळापासून आपण किती दूर आलो, हे या एका रुपयावरून मोजावे.

2005 साली केंद्राने याच धर्तीवर शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला. 2006 साली त्याचा आरंभ झालेल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला भंडाराही होता.

मात्र कायदा झाला म्हणजे मजुरी हाती पडलीच असे नाही. धान कापून झाले की हाताला काम नसलेल्या बाया मी याच जिल्ह्यात मामा तलावाचा गाळ काढताना पाहिल्या आहेत. हजेरीपट भरला होता, पैसे महिनोन्‌महिने आले नव्हते. एकजण म्हणाली, “भीक नाही जी, काम मागितलं.” उशिराने मिळालेली मजुरी पुन्हा धर्मादायासारखी भासू लागते. या उशिराविरुद्ध भांडणे हे आम्हा संघटित कामगारांचेही काम आहे. कारण त्या तलावाच्या बांधावर आपल्या पगारातला वाटा आहे.

त्या तरुणाला उत्तर द्यायला मला उशीर झाला. तो आज सभेत असेल, तर हे त्याच्यासाठी. येत्या फेब्रुवारीत पैसे का कापले, हे जरूर विचारा. आणि ते त्या बाईपर्यंत वेळेवर पोचले का, हेही विचारा.